पोलीस ठाण्यातली इंटर्नशिप : जळगाव, धुळे, नंदुरबारच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही इंटर्नशिप मिळते कशी?

दोन वाटा आहेत. पहिली केंद्र सरकारच्या 'माय भारत' पोर्टलवरची. तिथे स्टुडंट पोलीस एक्सपिरिअन्शियल लर्निंग नावाचा कार्यक्रम आहे, त्याला सगळे 'स्पेल' म्हणतात. ३० दिवस, १२० तास. म्हणजे रोजचे चार तास. दुसरी वाट जुनी: कॉलेजने पोलीस अधीक्षकांना पत्र द्यायचं आणि तिथून ठाणं मिळायचं.

श्रेयांकांचं आधी कॉलेजात विचारून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक साधारण ३० तासांचा धरतात, म्हणून १२० तास चार श्रेयांकांना बरोबर बसतात. पण ते तास कोणत्या विषयाच्या खात्यावर टाकायचे हे विभागप्रमुख ठरवतात. वकिलीच्या विद्यार्थ्यांनी तर नक्कीच विचारावं. बार कौन्सिलच्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते. त्यात ठाण्यातले दिवस धरणार की नाही, हे लेखी घ्या. महिना घालवल्यावर कळून उपयोग नाही.

मानधन धरून चालू नका. एसटीचा पास स्वतःच्या खिशातून.

थेट ठाण्यात जाऊन पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांना भेटलं तर चालेल?

भेटा, चहाही मिळेल, पण परवानगी मिळणार नाही. खान्देशात पोलीस आयुक्तालय एकही नाही. तिन्ही जिल्हे नाशिक परिक्षेत्रात येतात आणि जिल्ह्याचा कारभार पोलीस अधीक्षकांकडे असतो. पत्र त्यांच्याच नावे. चाळीसगावला अपर अधीक्षकांचं कार्यालय आहे म्हणून तिकडच्या मुलांनी पत्र तिथे नेऊन टाकू नये. ते जळगावलाच द्यायचं.

पत्रात विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, वर्ग, तारखा, एकूण तास, पसंतीची दोन ठाणी आणि समन्वयक प्राध्यापकांचा मोबाईल हवा. सोबत ओळखपत्राची प्रत आणि दोन फोटो. चारित्र्य पडताळणी मागितली तर ती ऑनलाइन होते, पण वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधी हलायला लागा. पत्र दिलं की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोलीस कार्यालयात आवक-जावकाच्या टेबलाला 'बारनिशी' म्हणतात. 'आवक विभाग कुठे?' असं विचारत फिरलात तर पाच मिनिटं जास्त लागतील, एवढंच. बारनिशीचा क्रमांक नसलेलं पत्र मात्र शोधूनही सापडत नाही.

कोणतं ठाणं मागावं?

आपल्या गावाचं मागू नका. पहिल्याच आठवड्यात चुलतभावाचा बांधाचा वाद टेबलावर येतो आणि घरचे विचारतात, 'काय झालं त्या केसचं?' शेजारच्या तालुक्याचं, एका बसने पोचता येईल असं ठाणं बरं.

बाकी तुम्हाला काय शिकायचं त्यावर आहे. शहरी ठाण्यात सायबर, वाहतूक आणि कौटुंबिक तक्रारी जास्त दिसतात. तालुक्याच्या ठाण्यात शेतीचे वाद, पाण्याच्या मोटारी आणि केबलच्या चोऱ्या, दारूबंदीच्या केसेस. शिरपूर, चोपडा, रावेर अशा मध्य प्रदेशाच्या सीमेवर नाकाबंदी आणि दोन राज्यांचा पत्रव्यवहार पाहायला मिळतो. भुसावळला एक फरक लक्षात ठेवा: रेल्वेतल्या गुन्ह्याचा तपास लोहमार्ग पोलीस करतात, ते राज्याचे, आरपीएफ हे रेल्वेचं वेगळं दल. दोन्हींकडे जिल्ह्याच्या अधीक्षकांचं पत्र चालत नाही.

कोणता महिना चांगला?

गणपती, नवरात्र आणि निवडणूक सोडून कोणताही. त्या दिवसांत निम्मं ठाणं बंदोबस्तावर असतं आणि शिकवायला कुणाला सवड नसते. तेच सारंगखेड्याच्या दत्त जयंतीच्या यात्रेचं, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांचं आणि जळगावच्या कार्तिकी एकादशीच्या रामरथाचं. गर्दीचं नियोजन हाच विषय असेल तर मात्र हे दिवस मुद्दाम साधा. मे महिन्यात यायचं तर सकाळची पाळी मागून घ्या. पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी चौकात उभं राहण्यात मर्दुमकी नाही.

कुणाला काय म्हणायचं?

अधिकाऱ्यांना साहेब किंवा मॅडम. शिपाई, हवालदारांना दादा, भाऊ, ताई. वयाने मोठ्या हवालदारांना ठाण्यातले लोक आप्पा, नाना म्हणत असतील तर तुम्हीही म्हणा. दोन तारे पीएसआयचे, म्हणजे उपनिरीक्षकांचे, ज्यांना जुने लोक अजून फौजदार म्हणतात. एपीआय (सहायक निरीक्षक) आणि पीआय दोघांनाही तीन तारे, फरक फितीत. चुकून एपीआयना पीआय म्हटलंत तर कुणी रागावत नाही. उलटं झालं तर बघा.

चार तास बसायचं कुठे? काम काय मिळतं?

सगळ्यांना गुन्हे शोध पथकासोबत, म्हणजे डीबीवाल्यांसोबत फिरायचं असतं. पहिले दहा दिवस तरी ठाणे अंमलदारांच्या टेबलाशेजारची खुर्ची सोडू नका. ठाण्यात येणारं प्रत्येक माणूस आधी तिथे येतं, आणि त्याचं दुःख कोणत्या रजिस्टरात जाणार हे तिथेच ठरतं.

तीन गोष्टी बघा. एक, दखलपात्र (पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात असा गुन्हा) की अदखलपात्र. दखलपात्र असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली गुन्हा नोंदवून फिर्यादीला प्रत मोफत द्यायची. अदखलपात्र असेल तर कलम १७४ खाली एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. शेजाऱ्याने शिवी दिली आणि शेजाऱ्याने डोकं फोडलं, या दोन वाक्यांत सगळा फरक असतो. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, हेही आता आहे. दोन, हद्द. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असली तरी गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून तिकडे पाठवायचा असतो, माणसाला पाठवायचं नसतं. तीन, स्टेशन डायरी. कोण गेलं, कोण आलं, फोन कधी आला, गाडी कधी निघाली, सगळं वेळेसह. कंटाळवाणं वाटतं. कोर्टात मात्र उलटतपासणी बऱ्याचदा याच वेळांवर फिरते.

एक बारकावा पुस्तकात वाचूनही सुटतो: फिर्यादीवर फिर्यादीची सही असते, पण तपासात साक्षीदाराचा कलम १८० खाली घेतलेला जबाब सहीशिवाय असतो. तिथे सही घ्यायचीच नसते. 'सही राहिली' म्हणून साक्षीदाराला परत हाक मारू नका.

सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदींच्या संगणक प्रणालीवर, टायपिंग येतं म्हणून दुसऱ्याच्या लॉगिनवर बसायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. त्या नोंदीखाली त्या अंमलदाराचं नाव उमटतं, चूक तुमची असते आणि खुलासा त्याला द्यावा लागतो.

तक्रारदार अहिराणीत बोलतात, कागद प्रमाण मराठीत. यात तुमचा काय उपयोग?

खरं सांगायचं तर इथेच तुमचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या अंमलदाराला अहिराणी, पावरी, भिल्ली कळायला वेळ लागतो. तुमच्या घरात ती बोलली जात असेल तर तुम्ही दुवा होऊ शकता. दुवाच, वकील नाही.

चुका कुठे होतात बघा. 'मन्ही मोटार लई ग्यात' असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याची चारचाकी गेलेली नसते, विहिरीवरचा पंप गेलेला असतो. 'गाडी' म्हणजे बैलगाडी, मोटारसायकल की ट्रॅक्टरची ट्रॉली, हे विचारावंच लागतं. 'आंडोर' म्हणजे मुलगा आणि 'आंडेर' म्हणजे मुलगी. बेपत्ता माणसाची खबर घेताना या एका मात्रेने काय होईल ते सांगायला नको. त्यात वय आणखी महत्त्वाचं. मूल १८ वर्षांखालचं असेल तर नुसती मिसिंग न घेता अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. 'अठरा लागलं' आणि 'अठरा पूर्ण झाले' यात फरक आहे, म्हणून शाळेचा दाखला किंवा आधारवरची जन्मतारीख मागायला अंमलदारांना आठवण करा.

तक्रारदाराच्या तोंडचा नेमका शब्द शिवी, धमकी किंवा जातिवाचक उल्लेखाचा असेल तर तो जसाच्या तसा, अहिराणीतच, कागदावर यायला हवा. तो सभ्य मराठीत फिरवला की पुराव्यातला जीव जातो. लिहून झालं की वाचून दाखवणं कायद्यानेच आवश्यक आहे. ते अहिराणीत समजावून सांगण्याचं काम तुम्ही करा आणि म्हातारीने मान हलवली म्हणजे कळलं असं समजू नका. 'आजी, मी काय वाचलं ते सांगा बरं' असं एकदा विचारा.

पंचनामा पाहताना नेमकं काय पाहायचं?

मोटार चोरीचंच उदाहरण घ्या, कारण तालुक्याच्या ठाण्यात ते हमखास बघायला मिळतं. फिर्यादीत नुसतं 'एक जुनी पाण्याची मोटार व केबल' असेल तर तीन महिन्यांनी भंगारवाल्याकडे दहा मोटारी सापडल्या तरी आपली कोणती हे सिद्ध होत नाही. हवं ते असं: कंपनी, किती एचपीची, पाण्यातली की काठावरची, पट्टीवरचा नंबर, शेवटची वाइंडिंग कुणाकडे आणि कधी केली, बॉडीवर वेल्डिंगचा डाग किंवा रंगाने घातलेलं नाव, केबल किती फूट आणि किती कोअरची. बिल नसेल तर वाइंडिंगवाल्याची पावतीही कामाला येते. या सात-आठ गोष्टी फिर्यादीत असल्या की पुढचा पंचनामा आपोआप सरळ होतो.

जागेवर गेल्यावर पंचनाम्याला सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, दोन पंच, आणि चतुःसीमा लागते: पूर्वेला कुणाचं वावर, पश्चिमेला नाला, वगैरे. गट नंबर लिहितात, पण केळीच्या बागेत गट नंबर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गावापासून किती अंतर आणि कोणत्या शिवाररस्त्याने, हे हवं. अंतर पावलांनी नाही, टेपने. 'सुमारे' हा शब्द पंचनाम्यात जितका कमी तितका बरा.

झडती आणि जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार करावंच लागतं. ते ई-साक्ष्य ॲपवर होतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञांनी घटनास्थळी येणं आलं. सगळ्यात जास्त घोटाळा वेळांचा होतो. स्टेशन डायरीत पथक ११.३० ला निघालं, पंचनामा ११.१५ ला सुरू झाला आणि व्हिडिओवर १२.०५. तिघांपैकी एकही खोटं नसतं. कुणीतरी मनगटावरचं घड्याळ पाहिलेलं असतं आणि कुणीतरी अंदाजे लिहिलेलं. तुम्ही वहीत या तीन वेळा शेजारी-शेजारी मांडून बघा, खूप शिकाल.

मुद्देमालाची पुडी बांधताना जवळून पाहा. रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदात गुंडाळतात. प्लॅस्टिकमध्ये कोंडले की ओल राहून कुजतात. दोरा आडवा-उभा, गुन्हा क्रमांक आणि पंचांच्या सह्यांचं लेबल, मग गाठींवर लाख. लाख पातळ असतानाच मोहोर दाबावी लागते. निवली की ठसा अर्धवट उठतो, आणि नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत पुडीवरची मोहोर सोबतच्या नमुन्याशी ताडून बघतात. ठसा जुळला नाही तर पुडी परत.

'पंच म्हणून सही करून दे' असं म्हणाले तर?

करू नका. सगळ्या पानातला हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भर दुपारी वावरात दुसरा पंच मिळत नसतो, तुम्ही समोर उभे असता, सुशिक्षित असता, आणि मागणारा माणूस चांगला असतो. म्हणूनच नाही म्हणणं अवघड जातं. पण पंच स्वतंत्र असावा लागतो. रोज ठाण्यात बसणाऱ्या विद्यार्थ्याला बचाव पक्षाचा वकील पहिल्याच प्रश्नात 'पोलिसांच्या मर्जीतला' ठरवेल आणि त्यात केसचं नुकसान होईल. शिवाय समन्स येईल तेव्हा तुम्ही पुण्यात नोकरीला असाल.

सांगायचं कसं? 'साहेब, कॉलेजच्या पत्रात आम्ही फक्त निरीक्षक म्हणून आहोत, सरांना विचारावं लागेल.' एवढ्यावर बहुतेक विषय संपतो. परवानगीपत्रात आधीच 'विद्यार्थी कोणत्याही कारवाईत पंच अथवा साक्षीदार राहणार नाही' हे वाक्य घालून घेतलं तर आणखी सोपं.

ऑनलाइन फसवणूक झालेला माणूस समोर आला तर आपण काय मदत करू शकतो?

१९३० या सायबर मदतक्रमांकाला त्याच्याच फोनवरून फोन लावून देऊ शकता. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आधी हे जमवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक. स्क्रीनशॉट कापून आणतात आणि त्यात नेमका हा क्रमांकच नसतो. बँकेच्या मदतीचा नंबर गुगलवर शोधू नका, पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या. शोधून मिळालेल्या नंबरावर तोच माणूस दुसऱ्यांदा फसतो. आणि त्याचा पिन किंवा ओटीपी तुम्ही स्वतः टाकायचा नाही, तो कितीही विनवणी करत असला तरी.

हरवलेल्या मोबाईलसाठी सीईआयआर पोर्टल. त्याला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लागतो, तो खोक्यावर किंवा बिलावर असतो.

वाहतुकीच्या ड्युटीवर गाड्या अडवायच्या का?

नाही. चावी काढणं, कागद मागणं, दंड करणं, यातलं काहीच तुमचं नाही. चमकणारं जॅकेट घाला, महामार्गावर डांबरावर पाय ठेवू नका, आणि नोंदी करा. धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. तिथे तासाभरात विनाहेल्मेट किती, उलट दिशेने किती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसलेले किती, एवढं मोजलंत तरी अहवालाचा एक धडा तयार होतो. उसाच्या आणि कापसाच्या दिवसांत ट्रॉल्यांचा आकडा वेगळा मांडा.

विद्यार्थिनींसाठी काही वेगळं?

वेळ दिवसाची आणि सोबत महिला अंमलदार, हे पत्रातच लिहून घ्या. महिला कक्षातलं समुपदेशन पाहायचं असेल तर दोन्ही बाजूंना आधी विचारलं गेलं पाहिजे. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, जबाबाला मात्र बसू नका, कुणी बस म्हटलं तरी. तिथे अनोळखी माणूस जितका कमी तितकं त्या मुलासाठी बरं. जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्यानेही तेव्हा गणवेशात नसावं, असं कायदा सांगतो.

फोटो, स्टेटस, रील?

लॉकअप, आरोपी, मुद्देमाल, रजिस्टर, वायरलेस खोली: काहीही नाही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. नाव न टाकता गाव, नातं आणि वय टाकलं तरी खेड्यात ओळख पटायला तेवढं पुरतं. ठाण्याच्या पाटीसमोर पहिल्या दिवशी एक फोटो काढा आणि फोन खिशात ठेवा.

काही चुकीचं दिसलं तर?

मारहाण, पैशाची मागणी, किंवा अटक करून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर न नेणं. हे दिसलं तर जागेवर वाद घालू नका, लपून चित्रीकरणही करू नका. तारीख, वेळ आणि डोळ्यांनी पाहिलेलं एवढंच वहीत लिहा, त्याच दिवशी समन्वयक प्राध्यापकांना लेखी कळवा. पुढे अधीक्षक कार्यालयाकडे कॉलेजने जायचं. लाचेसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ आहे. पण ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी लिहू नका. आणि सगळ्याच आवाज चढवण्याला अत्याचार म्हणू नका. दोन्ही ओळखायला शिकणं हा याच महिन्याचा भाग आहे.

अहवाल कसा लिहायचा?

'पोलीस हे समाजाचे रक्षक' या वाक्याने सुरुवात केलेले अहवाल परीक्षक वाचत नाहीत. रोजची नोंद अशी ठेवा:

'दिवस ७. ११.१० ते ११.५५. ठाणे अंमलदार टेबल. तक्रारदार स्त्री, अंदाजे ६०, 'क' गाव, अहिराणी. बांध कोरल्याची तक्रार. अंमलदारांनी विचारले : मारहाण झाली का? नाही. एनसी नोंद. जमिनीच्या मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे जाण्यास सांगितले. तक्रारदाराला दोन्ही कामे वेगळी आहेत हे कळले नाही. दुसऱ्यांदा समजावल्यावर कळले.'

खरी नावं, गुन्हा क्रमांक, गाडीचे नंबर नकोत. अशा २५ नोंदी झाल्या की शेवटच्या आठवड्यात त्यांची वर्गवारी करा: किती जण चुकीच्या कार्यालयात आले होते, किती वेळा भाषेमुळे वेळ गेला, किती वेळा कागद अपुरे होते. तुमचे निष्कर्ष यातूनच निघतील.

हे प्रमाणपत्र पोलीस भरतीत चालतं का?

शिपाई भरतीत शारीरिकचे ५० आणि लेखीचे १०० गुण असतात. त्यात या प्रमाणपत्राला गुण नाहीत. धावायला जा.

प्रमाणपत्रावर सही कधी घ्यायची?

तासांच्या तक्त्यावर दर शनिवारी, प्रमाणपत्रावर शेवटच्या दिवशी. महिन्याची सही एकदम मागू नका. मधल्या काळात प्रभारी साहेबांची बदली झाली तर नवे साहेब न पाहिलेल्या तासांवर सही करणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. गोल शिक्का ठाण्याचा, जावक क्रमांक बारनिशीचा. गळ्यातलं तात्पुरतं ओळखपत्र परत करा आणि केल्याची नोंद घेतली का ते बघून मग बस पकडा.